मुकादम कसा असावा? सी लायब्ररीभोवती रॅपर क्लास बांधताना

ज्यांना ऐकायला वेळ नाही, ज्यांचा डेटा संपलाय किंवा जे इअरफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. बोललो तसाच ठेवलाय. अडखळणं आणि मागचे ट्रकचे हॉर्न तेवढे काढलेत.

आजचा विषय असा : सी भाषेत लिहिलेली एखादी जुनी, दणकट लायब्ररी आपल्याला कोटलिन, जावा किंवा पायथनमधून वापरायची आहे. मग तिच्याभोवती क्लास कसे बांधायचे? याला रॅपर म्हणतात. कॉलेजात ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग शिकवताना 'प्राणी' हा क्लास, मग त्यातून 'कुत्रा' आणि 'मांजर' असं शिकवतात. नोकरीत कुत्रा-मांजर काही भेटत नाहीत, भेटतं ते हे.

घाबरू नका, कोड वाचून दाखवणार नाही. कानाने कोड ऐकणं म्हणजे शिक्षाच. कल्पना सांगतो, त्या डोक्यात बसल्या की कोड तुमचा तुम्ही लिहाल.

हे गोदामात कुठून आलं?

ठाण्याहून बाळकुम सोडलं, खाडीवरचा पूल ओलांडला की आमची कशेळी. पुढे काल्हेर, पूर्णा, राहनाळ आणि मग अंजूरफाटा. भिवंडी म्हटलं की लोकांना यंत्रमाग आठवतात, पण या रस्त्यावर आता गोदामंच गोदामं. मुंबई-ठाण्यात तुम्ही फोनवर बोट दाबून मागवलेल्या कितीतरी वस्तू आधी या पट्ट्यातल्या कुठल्यातरी पत्र्याच्या शेडमध्ये उतरतात.

मी आणि माझा एक मित्र अशा गोदामांसाठी एक छोटं ॲप बनवतो. काम साधं : ट्रक आला, चेकर प्रत्येक पेटीचा बारकोड स्कॅन करतो, मोजणी फोनमध्ये साठते आणि नंतर सर्व्हरवर जाते. 'नंतर' म्हणतोय कारण पत्र्याच्या शेडमध्ये, मालाच्या थप्प्यांच्या मध्ये, नेटवर्क गायब होतं. म्हणजे पेटी स्कॅन झाल्यापासून सर्व्हरवर जाईपर्यंत तिची नोंद फक्त त्या चेकरच्या फोनमध्ये असते.

ती साठवते एसक्यूलाइट. डी. रिचर्ड हिप नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरने २००० साली ही लायब्ररी पहिल्यांदा बाहेर काढली. सगळी सी भाषेत आहे आणि पब्लिक डोमेनमध्ये आहे, म्हणजे कुणाचाच हक्क राखून ठेवलेला नाही. अँड्रॉइडमध्ये आहे, आयफोनमध्ये आहे, ब्राउझरमध्ये आहे. हा भाग तुम्ही ज्या फोनवर वाचताय, त्यातही ती आत्ता काम करतेय.

मग अँड्रॉइडमध्ये तयार क्लास असताना आम्ही वेगळा रॅपर का लिहिला? तर आवृत्तीमुळे. 'नोंद नसेल तर टाक, असेल तर आकडा वाढव' असं एकाच वाक्यात सांगणारी सोय, तिला अपसर्ट म्हणतात, एसक्यूलाइटच्या ३.२४ या आवृत्तीत २०१८ साली आली. मूळ अँड्रॉइड १० मध्ये येते ३.२२. अँड्रॉइड ११ मध्ये ३.२८. गोदामात फोन असतात ते मालकाच्या घरातले जुने, काच तडकलेले. त्यातले अर्धे अँड्रॉइड ९ आणि १० वर. प्रत्येक फोनवर वेगळी लायब्ररी आणि वेगळी वागणूक नको, म्हणून लायब्ररी ॲपसोबतच द्यायची ठरवली. आणि लायब्ररी स्वतः आणली की तिच्याशी बोलणारा माणूसही स्वतःच नेमावा लागतो.

रॅपर म्हणजे मुकादम

गोदामाच्या भाषेत सांगतो. ट्रक लागला की मालक प्रत्येक हमालाशी जाऊन बोलत नाही. तो मुकादमाशी बोलतो. "हा ट्रक खाली करायचाय, काचेचा माल आहे." एवढंच. कोण वर चढणार, कोण पाठीवर घेणार, थप्पी कुठे लावायची, हे मुकादम टोळीच्या भाषेत सांगतो. काम झालं की हिशेब मालकाला देतो. काही फुटलं तर तेही सांगतो.

रॅपर क्लास हा मुकादम. एका बाजूला तुमचा ॲपचा कोड, दुसऱ्या बाजूला सी लायब्ररी. सी लायब्ररीला क्लास माहीत नाहीत, एक्सेप्शन माहीत नाही, गार्बेज कलेक्टर माहीत नाही. तिला माहीत आहेत फंक्शन, पॉइंटर आणि परत येणारे आकडे. मुकादमाला दोन्ही भाषा यायला हव्यात.

आणि मुकादम वाईट असला तर? मग ऐका.

बारा पेट्या

याच पट्ट्यातल्या एका गोदामात आमच्याआधी दुसऱ्या कुणाचं ॲप चालत होतं. नावाची गरज नाही. एक दिवस ट्रक आला, चलानावर ४१२ पेट्या. चेकर मुलगा, वय असेल बावीस-तेवीस, त्याने सगळ्या स्कॅन केल्या. स्क्रीनवर ४१२ दिसलं. त्याने चलानावर सही केली, ट्रक गेला. संध्याकाळी मालकाच्या कॉम्प्युटरवर आकडा आला ४००.

बारा पेट्या कुठे गेल्या? चलानावर सही त्याची. ट्रक निघून गेलेला. ड्रायव्हर म्हणणार, मी ४१२ उतरवल्या, ही बघा सही. उरला कोण? त्याच्या पगारातून बारा पेट्यांचे पैसे कापले. महिनाअखेरीला गोदामातला माल हाताने मोजला तेव्हा बारा पेट्या जास्त निघाल्या. पुढच्या महिन्यात पैसे परत मिळाले. पण तोवर तीन आठवडे त्या शेडमध्ये त्याचं नाव 'बारा पेटी' पडलं होतं. आणि घरी गावाकडे पाठवायचे पैसे त्या महिन्यात गेले नाहीत ते नाहीतच.

मालकाकडे त्या ॲपचा सोर्स कोड होता. आम्हाला काम मिळालं तेव्हा आम्ही तो वाचला. झालं होतं ते असं : सर्व्हरवर डेटा पाठवणारा थ्रेड डेटाबेसमध्ये ट्रान्झॅक्शन उघडायचा, एक नोंद बदलायचा आणि ट्रान्झॅक्शन तसंच उघडं ठेवून सर्व्हरच्या उत्तराची वाट बघत बसायचा. नेटवर्क नाही, म्हणजे बराच वेळ. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच जण लिहू शकतो. त्या काळात चेकरने केलेलं प्रत्येक स्कॅन लिहायला गेलं की लायब्ररी परत पाठवायची ५ हा आकडा. ५ म्हणजे बिझी : आत्ता कुलूप लागलंय, थोड्या वेळाने ये.

लायब्ररीने बारा वेळा स्पष्ट सांगितलं. रॅपरमधल्या फंक्शनने तो आकडा जसाच्या तसा वर दिला आणि वरच्या कोडने तो पाहिलाच नाही. स्क्रीनवरचा आकडा मात्र आपला आपण वाढत राहिला, कारण तो स्कॅन मोजत होता, साठवलेल्या नोंदी नाही.

इथे सी लायब्ररीचा काही दोष नाही. मधला मुकादम गप्प राहिला, एवढंच. म्हणून आता मुकादमाचे नियम बघू.

नियम पहिला : गेटपास खिशातच ठेवायचा

एसक्यूलाइट उघडली की ती तुम्हाला एक पॉइंटर देते. त्याच्या आत काय आहे ते तुम्हाला कळत नाही, कळायची गरजही नाही. तो गेटपास आहे. पुढच्या प्रत्येक कामाला तो दाखवायचा. याला हँडल म्हणतात. जावा-कोटलिनच्या बाजूला हा पॉइंटर एका 'लाँग' आकड्यात ठेवतात.

हा आकडा क्लासच्या आत, प्रायव्हेट. बाहेर कुणाला द्यायचा नाही, अगदी 'डिबगिंगसाठी' म्हणूनही नाही. कारण समजा दोन ऑब्जेक्टकडे एकच हँडल गेलं. एकाने बंद केलं. दुसऱ्याला पत्ताच नाही. तो जुना गेटपास घेऊन आत गेला. आता त्या जागी मेमरीत दुसरंच काहीतरी आहे. नशीब चांगलं असेल तर ॲप तिथेच कोसळेल. नशीब वाईट असेल तर कोसळणार नाही, चुकीच्या जागी लिहून पुढे चालत राहील.

म्हणून तीन गोष्टी. एका हँडलचा मालक एकच ऑब्जेक्ट. बंद केल्यावर हँडल लगेच शून्य करायचं. आणि प्रत्येक मेथडच्या सुरुवातीला बघायचं, शून्य आहे का? असेल तर आपल्या भाषेतलं स्वच्छ एक्सेप्शन फेकायचं : 'हे आधीच बंद झालंय'. कोटलिनचं एक्सेप्शन आलं तर कुठल्या ओळीवर चुकलं ते कळतं. सी मधला सेगमेंटेशन फॉल्ट आला तर अख्खं ॲप जातं आणि मागे उरते एक न समजणारी यादी. दोनदा क्लोज केलं तर मात्र ओरडायचं नाही, दुसऱ्या वेळी गुपचूप काहीच करायचं नाही.

सी प्लस प्लसवाल्यांनी हेच वेगळ्या पद्धतीने सोडवलंय : कॉपी करायला बंदी घालायची आणि ऑब्जेक्ट संपला की डिस्ट्रक्टरने हँडल परत करायचं.

नियम दुसरा : सफाई कामगाराच्या भरवशावर राहायचं नाही

नवीन मुलं विचारतात, "दादा, गार्बेज कलेक्टर आहे ना? तो करेल की साफ."

नाही करणार. किंवा करेल, पण कधी ते सांगता येत नाही. कलेक्टरला दिसतो तुमचा छोटासा जावा ऑब्जेक्ट, जेमतेम काही बाइटचा. त्याच्यामागे सी च्या बाजूला कितीतरी मेगाबाइट अडकलेत हे त्याला दिसत नाही. त्याच्या दृष्टीने घाई काहीच नाही.

हा त्रास अँड्रॉइड बनवणाऱ्यांनाही चुकला नाही. चित्राच्या बिटमॅप क्लासचंच बघा. अँड्रॉइड ३.० च्या आधी चित्राचे पिक्सेल नेटिव्ह मेमरीत असायचे आणि ते कधी सुटतील याचा अंदाज यायचा नाही. ३.० पासून ७.१ पर्यंत ते जावाच्या हीपमध्ये ठेवले. ८.० पासून, म्हणजे २०१७ पासून, परत नेटिव्ह मेमरीत नेले, पण या वेळी कलेक्टरला 'मागे एवढं ओझं आहे' हे कळवायची व्यवस्था केली. एवढ्या मोठ्या टीमला दोनदा जागा बदलावी लागली, यावरून प्रश्न किती खोल आहे ते समजा.

जावामधली जुनी फायनलाइज मेथड तर २०१७ च्या जावा ९ मध्ये अधिकृतपणे 'वापरू नका' या यादीत गेली. मग करायचं काय? तुमचा क्लास ऑटोक्लोजेबल करा. कोटलिनमध्ये 'यूज' ब्लॉक, जावामध्ये ट्राय-विथ-रिसोर्सेस, पायथनमध्ये 'विथ'. ब्लॉक संपला की हँडल परत, मग मध्ये एक्सेप्शन आलं तरी. क्लीनर वगैरे ठेवा, पण जाळी म्हणून. जाळी असते म्हणून कुणी वरून उडी मारत नाही. आणि जाळीत काही पडलं तर लॉगमध्ये मोठ्या अक्षरात लिहा की कुणीतरी बंद करायला विसरलंय.

नियम तिसरा : बंद करायचा क्रम

एसक्यूलाइटमध्ये मुख्य दोन वस्तू : कनेक्शन आणि स्टेटमेंट. स्टेटमेंट कनेक्शनच्या पोटात तयार होतं. म्हणजे आधी स्टेटमेंट बंद, मग कनेक्शन. गोदामाचं शटर ओढायच्या आधी आतली माणसं बाहेर आली का बघतो ना, तसंच.

स्टेटमेंट उघडं असताना साधं क्लोज म्हटलं तर एसक्यूलाइट नकार देते, तोच बिझीचा आकडा देते. पण हाताने लिहिलेल्या कोडमध्ये क्रम पाळता येतो, गार्बेज कलेक्टर कुठल्या क्रमाने वस्तू उचलेल ते सांगता येत नाही. म्हणून एसक्यूलाइटवाल्यांनी २०१२ मध्ये क्लोजचं दुसरं फंक्शन दिलं, नावाच्या शेवटी 'व्ही टू' असलेलं. ते म्हणतं, ठीक आहे, मी बंद होतोय अशी नोंद करतो, शेवटचं स्टेटमेंट सुटलं की खरोखर बंद होतो. कलेक्टर असलेल्या भाषांसाठीच हे केलंय, असं त्यांच्या माहितीपत्रकात लिहिलेलं आहे.

यातून शिकायचं हे की चांगल्या लायब्ररीचं माहितीपत्रक रॅपर लिहिणाऱ्याशी बोलत असतं. ते आधी वाचा. आणि तुमच्या डिझाइनमध्ये स्टेटमेंटने कनेक्शनचा रेफरन्स धरून ठेवायला हवा, म्हणजे पोरं आत असताना बाप आधी उचलला जाणार नाही.

इथे एक मोह होतो : इनहेरिटन्सचा. 'स्टेटमेंट हा कनेक्शनचा एक प्रकार' असं कुणीतरी लिहितं, मेथड आयत्या मिळतात म्हणून. हमाल हा गोदामाचा प्रकार आहे का? नाही. तो गोदामात काम करतो. नातं ओळखा, मग क्लास लिहा. रॅपरमध्ये इनहेरिटन्स लागतोच कुठे? बहुतेक वेळा फक्त एररच्या कुटुंबात.

नियम चौथा : वाईट बातमी गिळायची नाही

हा बारा पेट्यांचा नियम. सी मध्ये एक्सेप्शन नाही, म्हणून लायब्ररी आकडा परत देते. ० म्हणजे ठीक. १०० म्हणजे एक ओळ मिळाली, १०१ म्हणजे काम संपलं. हे दोन आकडे एरर नाहीत, हे लक्षात ठेवा. बाकीचे बहुतेक एरर.

रॅपरने हे आकडे वर तसेच द्यायचे नाहीत. आकडा दुर्लक्षित करणं फार सोपं असतं, नुसतं काही न करता ते होतं. एक्सेप्शन दुर्लक्षित करायला निदान हात तरी उचलावा लागतो. म्हणून आकड्याचं एक्सेप्शन करा, पण सगळ्यांचं एकच नको. बिझी वेगळं, कारण त्यावर उपाय आहे : थांबा आणि परत प्रयत्न करा. जागा संपली हे वेगळं, कारण ते चेकरला सांगावं लागेल. फाइल खराब झाली हे वेगळं, कारण तिथे काम थांबवावंच लागेल. वरच्या कोडला ज्या ज्या ठिकाणी वेगळं वागायचंय, तेवढेच प्रकार करा. तीस प्रकार केलेत तर कुणी वापरणार नाही.

एक बारीक गोष्ट. एररचा मजकूर एसक्यूलाइट कनेक्शनवर ठेवते. दुसऱ्या थ्रेडने त्याच कनेक्शनवर काही केलं की मजकूर बदलतो. म्हणून आकडा मिळाल्या मिळाल्या, कुलूप हातात असतानाच, मजकूर उचलून एक्सेप्शनमध्ये भरा. नंतर विचारायला गेलात तर दुसऱ्याच भांडणाची हकीकत ऐकायला मिळेल.

आणि उलट्या दिशेचं : सी प्लस प्लसमधलं एक्सेप्शन सीमा ओलांडून जावामध्ये येऊ द्यायचं नाही. तिथे ॲप सरळ बंद पडतं. सीमेवरच पकडा, जावाचं एक्सेप्शन बनवा, मग पुढे पाठवा.

आमच्या ॲपमध्ये स्क्रीनवरचा आकडा आता कमिट यशस्वी झाल्यावरच वाढतो. बिझी आलं तर लायब्ररीच्याच बिझी टाइमआउटने थोडं थांबतो. तरीही नाही जमलं तर फोन कंप पावतो आणि लाल पट्टी येते : 'ही पेटी नोंदली नाही, परत स्कॅन करा'. चेकर चिडतो. चिडू दे. ट्रक समोर उभा असताना चिडलेलं बरं.

नियम पाचवा : मजकूर उतरवून घ्यायचा

लायब्ररीकडून एखाद्या कॉलमचा मजकूर मागितला की ती पॉइंटर देते. तो मजकूर तुमचा नाही, बघायला दिलाय. पुढच्या ओळीवर गेलात किंवा स्टेटमेंट बंद केलंत की तो पॉइंटर बाद. गेटवरच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं ना, पुढचा ट्रक आला की पुसतात, तसं. म्हणून रॅपरने तो तिथल्या तिथे आपल्या स्ट्रिंगमध्ये उतरवून घ्यायचा. पॉइंटर सीमेच्या अलीकडे कधीच आणायचा नाही.

मजकूर आत देतानाही तेच. एसक्यूलाइट विचारते, हा मजकूर जागेवर राहणार आहे की मी आत्ताच उतरवून घेऊ? जावाकडून आलेला मजकूर जागेवर राहत नाही, म्हणून 'उतरवून घे' असंच सांगायचं. त्या पर्यायाचं नाव ट्रान्झियंट.

आता आपल्या मराठीचं. 'कशेळी' लिहा. डोळ्याला तीन अक्षरं. युनिकोडमध्ये क, श, एकाराची मात्रा, ळ आणि ईकार अशी पाच चिन्हं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, म्हणजे १५ बाइट. जावाच्या स्ट्रिंगची लांबी विचारली तर ५. तुमच्या रॅपरने लांबी म्हणून ५ पाठवली आणि लायब्ररीने ती बाइट समजली, तर 'क' पूर्ण आणि 'श' अर्धवट कापलेला. इंग्रजीत टेस्ट केलं तर हा बग कधीच दिसत नाही, कारण तिथे एक अक्षर म्हणजे एक बाइट. म्हणून टेस्ट डेटा मराठीत ठेवा. बाहेरच्यांना जो बग सापडत नाही तो आपल्याला फुकटात सापडतो.

आणि इमोजी! जावा आणि सी यांच्यामधल्या पुलाला, जेएनआयला, यूटीएफ-८ चा एक बदललेला प्रकार लागतो. देवनागरी दोन्हीकडे सारखीच चालते, पण ४ बाइटचा इमोजी नाही चालत. कुणी शेऱ्यात अंगठा टाकला की गडबड. सोपा उपाय : सीमेवरून यूटीएफ-१६ किंवा सरळ बाइटची ॲरे न्यायची.

नियम सहावा : लायब्ररीच्या खोडी वर येऊ द्यायच्या नाहीत

एसक्यूलाइटमध्ये वाक्यात किंमत भरताना मोजणी १ पासून सुरू होते. उत्तरातला कॉलम वाचताना ० पासून. त्यामागे काही कारण असेल, पण तुमच्या ॲपच्या कोडमध्ये हे दोन नियम शेजारी शेजारी आले की कुणीतरी चुकणारच. रॅपरमध्ये नावाने भरा, नावाने वाचा. 'बारकोड', 'नग', 'वेळ'. आकड्यांचा घोळ आतच मिटवा.

पण सगळंच झाकू नका. आम्ही दोन थर ठेवलेत. खालचा थर अगदी पातळ : लायब्ररीचं एक फंक्शन, आमची एक मेथड, अक्कल शून्य. वरचा थर गोदामाच्या भाषेत : 'ट्रक उघड', 'पेटी नोंदव', 'ट्रक बंद कर'. फायदा काय? काही बिघडलं तर कुठल्या थरात ते पाच मिनिटांत कळतं. आणि उद्या लायब्ररीत नवीन सोय आली तर खालच्या थरात एक मेथड वाढवायची, वरचं काही हलत नाही.

सीमा ओलांडायला वेळ लागतो हेही ध्यानात असू द्या. एकदा ओलांडणं स्वस्त, पण पाच हजार ओळी, प्रत्येकी सहा कॉलम, म्हणजे तीस हजार फेऱ्या. एकेक पेटी डोक्यावर घेऊन पूल ओलांडायचा की टेम्पो भरून? अँड्रॉइडचा स्वतःचा क्लास म्हणूनच ओळींचा गठ्ठा एका खिडकीत भरून एकदम आणतो.

नियम सातवा : तोडून बघायचं

टेस्ट म्हणजे 'चालतं का' एवढंच नाही. दोनदा बंद करा. बंद केल्यावर वाचा. स्टेटमेंट उघडं ठेवून कनेक्शन बंद करा. दोन थ्रेडकडून एकदम लिहा. ट्रान्झॅक्शनच्या मध्येच ॲप मारून टाका आणि परत उघडून आकडा बघा. एम्युलेटरवर जेएनआयची जादा तपासणी चालू असते, ती खऱ्या फोनवरही डिबगिंगच्या वेळी चालू करता येते. आणि टेस्ट नव्या फोनवर नको, तडकलेल्या काचेच्या फोनवर करा. तुमचं ॲप तिथेच जगणार आहे.

मग सगळ्यांनी रॅपर लिहायचा का?

नाही हो. तयार मिळत असेल तर तो घ्या. आता अँड्रॉइडएक्समध्येच एसक्यूलाइट सोबत घेऊन येणारा ड्रायव्हर आहे. नवीन प्रोजेक्ट असेल तर तिथून सुरुवात करा. त्याची रचना उघडून बघा : ड्रायव्हर, कनेक्शन, स्टेटमेंट, एवढ्या तीन मुख्य गोष्टी. चांगला मुकादम कमी बोलतो तो असा.

पण कधीतरी अशी लायब्ररी समोर येईल जिला कुणी रॅपर लिहिलेला नाही. एखाद्या वजनकाट्याची, लेबल छापणाऱ्या प्रिंटरची, कुठल्यातरी सेन्सरची. कंपनी तुम्हाला एक हेडर फाइल आणि एक बायनरी देईल आणि फोन उचलणं बंद करेल. त्या दिवशी कागदावर चार प्रश्न लिहा. या हँडलचा मालक कोण? आधी काय बंद होतं? वाईट बातमी कुणापर्यंत पोचते? आणि हा मजकूर कधीपर्यंत खरा आहे? चारही उत्तरं लिहून झाली की क्लास आपोआप दिसायला लागतात.

शेवटचं सांगतो. कॉलेजात या विषयाला 'ॲब्स्ट्रॅक्शन' म्हणतात आणि त्याचा अर्थ 'तपशील लपवणे' असा शिकवतात. अर्धाच अर्थ आहे तो. काय लपवायचं यापेक्षा काय लपवायचं नाही हे ठरवणं जास्त अवघड. पॉइंटर लपवा, आकडेमोड लपवा, क्रम लपवा. अपयश लपवू नका. कारण सॉफ्टवेअरने लपवलेलं अपयश नाहीसं होत नाही, ते खाली उतरत जातं आणि ज्याच्या हातात फोन असतो, ज्याची चलानावर सही असते, त्याच्या पगारातून वसूल होतं.

या आठवड्याचा घरचा अभ्यास : तुम्ही ज्या प्रोजेक्टवर काम करताय त्यात असं एक फंक्शन शोधा, जे आकडा परत देतं आणि तो कुणीच बघत नाही. सापडेलच, पैज लावतो. सापडलं की दुरुस्त करा आणि मला कळवा. पुढच्या भागात थ्रेडबद्दल बोलू, आज त्याला नुसता हात लावलाय. तोवर काळजी घ्या. भेटूच!